रेतांग तुयाचा धर्माचा रकाना

रेतांग तुयाला शाळेत घातलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. तुया म्हणजे आमच्याकडे आईचा भाऊ. माझ्या आईचा हा धाकटा. शाळा नदीच्या पलीकडे, आणि गुरुजी सावू बेटावरून आलेले. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्या मुलांना ओळीत उभं केलं आणि वहीत नावं लिहायला घेतली.

"नाव?"

"रेतांग."

"बापाचं?"

"मेहा."

"धर्म?"

तुयाला वाटलं गाव विचारतायत. त्याने गावाचं नाव सांगितलं. मागची मुलं हसली, पण त्यांनाही त्याहून वेगळं काही माहीत नव्हतं. गुरुजींनी कपाळ पुसलं आणि त्याच्या नावापुढे ख्रिस्ती असं लिहिलं. त्याच्या पुढच्या मुलापुढेही तेच, आणि शेवटपर्यंत तेच. ती वर्षं वाईट होती. धर्म नाही म्हणजे कम्युनिस्ट, असं सरळ धरलं जायचं, आणि तसं धरल्यावर दूरच्या बेटांवर माणसांचं काय होत होतं ते गुरुजींच्या कानावर असणार. त्यांनी एकोणीस मुलांवर उपकारच केले, असं तुया पुढे नेहमी म्हणायचा. ईस्टरला एकोणीस जणांच्या डोक्यावर पाणी घातलं आणि प्रत्येकाला एकेक नाव दिलं. तुयाचं मार्कुस झालं. एक कागदही मिळाला.

माझ्या आजोबांनी तो कागद उलटा धरून पाहिला.

"हा दाखवला की शाळेत बसू देतात?"

"हो."

"मग जपून ठेव."

त्या आठवड्यात पेरणीची कोंबडी कापली, रातूंनी तिचं आतडं बघून पाऊस सांगितला, आणि मार्कुसने सगळ्यांबरोबर बसून भात खाल्ला. रातू म्हणजे आमच्यातले विधी करणारे. काही बदललंय असं घरात कोणाला वाटलं नाही.

तुया सहावीपर्यंत शिकला. त्या काळी आमच्या खोऱ्यात ते पुष्कळ होतं. बाकीचे शिकलेले हळूहळू खरोखरच चर्चचे झाले, काही शहरात गेले. जुन्या रीतीने राहणारा आणि अक्षरं येणारा असा हा एकटाच उरला. त्यामुळे कोणाचंही पत्र आलं, नोटीस आली, अर्ज भरायचा असला की माणसं याच्या ओट्यावर येऊन बसत. तो घोडे चारायचा, भात लावायचा आणि दुपारी लोकांचे कागद वाचायचा. वाचताना ओठ हलायचे. वाचून झालं की मान मागे टाकून डोळे मिटायचा, जणू ओझं उतरवून ठेवलंय.

त्याचं लग्न कोंगा नाहाशी झालं. आमच्याकडून घोडे गेले, त्यांच्याकडून विणलेली कापडं आणि डुकरं आली. दोन्ही बाजूंचे बोलणारे तीन दिवस एकमेकांना जुन्या ओळी ऐकवत बसले होते. दोन्ही खोऱ्यांत ते लग्न ठाऊक नाही असा माणूस नव्हता. फक्त सरकारला ठाऊक नव्हतं, कारण चर्चमधून चिठ्ठी आल्याशिवाय सरकार लग्न मांडायचं नाही. कुटुंबाच्या कार्डावर रेतांग अविवाहित, त्याच्याखाली कोंगा अविवाहित, आणि त्यांच्याखाली तीन मुलं. मुलांच्या जन्मदाखल्यावर लिहिलेलं असायचं, अमुक बाईचं मूल. बापाची ओळच नाही.

थोरली यिवा चौथीत असताना नवीन बाई आल्या आणि दाखले वाचून हजेरी लावू लागल्या. यिवाच्या दाखल्यापाशी थांबल्या.

"तुला वडील नाहीत?"

"आहेत. आत्ताच घोड्यावरून सोडून गेले."

वर्ग हसला. यिवाने घरी चकार शब्द काढला नाही. माझ्या आईला सांगितलं, तेही तीन महिन्यांनी, कापूस वळता वळता. आईने भावाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने धुतलेला सदरा घातला आणि पाळकांकडे गेला.

हे मी ऐकलेलं नाही, मी तिथे होते. मी तेव्हा पाळकांच्या घरी राहून माध्यमिक शाळेत जात होते. माझे वडील ख्रिस्ती, म्हणून मीही. पाळक वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुयाला खुर्ची दिली, कॉफी दिली.

"मार्कुस, तुमचा बाप्तिस्मा तर झालेलाच आहे. तुम्ही आणि कोंगाने सहा महिने शिकवणीला या. लग्न लावून देतो. मुलांचे कागद नीट होतील. यात अवघड काय आहे?"

"बापा, आई घरात आहे," तुया म्हणाला. बापा ही आमच्याकडे कोणाही मोठ्या माणसाला मारायची हाक.

पाळकांना ते माहीत होतं. माझी आजी दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि घराच्या पुढच्या कोपऱ्यात, तीसेक कापडांत गुंडाळून, बसलेली होती. तिच्या थडग्याचा दगड अजून ओढून आणला नव्हता. सगळे नातेवाईक एकत्र आल्याशिवाय, म्हशी जमल्याशिवाय तिला धाडता येत नव्हतं. तोवर सकाळी तिच्यापुढे कॉफी ठेवायची, सुपारी आणि आमच्याकडे पानाऐवजी खातात ती विड्याची शेंग ठेवायची, बाहेर जाताना तिला सांगून जायचं.

"तिला मातीत द्या," पाळक म्हणाले. "मी येऊन प्रार्थना करतो."

"तोवर तिला विडा कोण देणार? मी इकडचा झालो की तो देता येणार नाही म्हणतात."

"मी नाही म्हणत. चर्चची मंडळी म्हणते."

"मग थांबतो."

"किती दिवस?"

"ती जाईपर्यंत."

नऊ वर्षं लागली. मधे दुष्काळ पडला, मग दोन चुलत घराण्यांचं भांडण झालं, मग दगड ओढताना वाटेत दोर तुटला. ती गेली तेव्हा हे पाळक बदलून गेले होते. यिवा शहरात नर्सिंग शिकत होती, आणि तिथे तिने स्वतःच्या मनाने, पूर्ण समजून, चर्चचा स्वीकार केला होता. नव्या पाळकांकडे जाऊन पहिल्यापासून सगळं सांगायचं त्राण तुयात उरलं नव्हतं. "राहू दे," म्हणाला. "सगळे मोठे झाले."

मग एका नोव्हेंबरात जकार्त्याच्या न्यायालयाचा निकाल आला, की आमच्यासारख्यांची श्रद्धाही ओळखपत्राच्या रकान्यात लिहिता येईल. गावच्या मुख्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग एकेक जण वळून तुयाकडे बघू लागला. तो अठ्ठावन्नचा झाला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू होता.

"सहज होणार नाही," मुख्या म्हणाला. "आधी संघटना नोंदवावी लागेल. तिच्या पत्राशिवाय कार्ड बदलत नाहीत. हा अर्ज."

अर्ज चार पानांचा होता. तुया तो घेऊन माझ्याकडे आला. मी तेव्हा आमच्याच शाळेत शिकवत होते.

"ओर्पा, तू मास्तरीण आहेस. हे वाच आणि सांग, मला जे समजतंय तेच लिहिलंय का."

मी वाचलं. श्रद्धेचं नाव. ईश्वराचं नाव. संस्थापक. पवित्र ग्रंथ. उपासनेचं ठिकाण. उपासनेचे दिवस. अनुयायांची संख्या. शिकवणीचा सारांश, एका पानात.

"तेच लिहिलंय," मी म्हटलं.

"नाव काय लिहू? पहिलीच ओळ."

"मारापू लिहा. सगळे तेच म्हणतात."

"सगळे म्हणजे तुम्ही. तुम्ही म्हणता, शाळा म्हणते, पर्यटक म्हणतात. मारापू म्हणजे आपले आधीचे लोक. मी आहे तो काय आधीचा आहे?"

"मग तुम्ही आपसात काय म्हणता?"

त्याने पुष्कळ वेळ विचार केला. "काही म्हणत नाही गं. घरचं करायचंय, असं म्हणतो."

शेवटी मारापूच लिहिलं. दुसऱ्या ओळीसाठी आम्ही दोघं रातू लापूंकडे गेलो. ते नव्वदीच्या पुढचे, सावलीत बसून चुना मळत होते. तुयाने त्यांना सुपारी दिली, त्यांनी आम्हाला दिली. तोंडं लाल होईस्तोवर कोणी विषय काढला नाही.

"सरकारला त्याचं नाव हवंय," तुया म्हणाला.

"कोणाचं?"

तुयाने नुसतं वर पाहिलं.

रातूंनी चुन्याची डबी बंद केली. "ते घेत नाहीत."

"मला माहीत आहे. पण ओळ आहे."

"त्याचं नाव उच्चारायचं नाही, त्याच्या पदाला हाक मारायची नाही. तुझ्या बापाला मीच हे शिकवलं."

"मग तेच लिहू का?"

"लिहिणं म्हणजे घेणंच की."

"नाव नाही लिहायचं. घेत नाहीत, एवढंच लिहायचं."

रातूंनी मान हलवली, पण हो म्हणाले की नाही हे कळलं नाही. संस्थापकाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "लिहून टाक, आठवत नाही." ग्रंथाचं विचारलं तेव्हा त्यांनी हात पसरून सगळी टेकडी दाखवली, आणि मग तुयाची दया येऊन म्हणाले, "माझं नाव टाक ग्रंथाच्या जागी. मला बरंचसं पाठ आहे."

आम्ही हसलो. तुया हसताना खोकला.

शिकवणीचा सारांश त्याने एकट्याने लिहिला. अकरा दिवस लागले. मी पहिले मसुदे वाचले, त्यांत नुसत्या गोष्टींच्या यादीसारखं काहीतरी होतं. काय खायचं नाही, कोणाच्या घरात कोणत्या बाजूने शिरायचं. मी म्हटलं, "तुया, यात विश्वास काय आहे ते लिहा. देव कसा आहे, मेल्यावर काय होतं." तो म्हणाला, "त्याचा आम्ही इतका विचार करत नाही. ते रातू करतात. आम्ही जे करायचं ते वेळेवर करतो." तेच वाक्य लिहा म्हटलं, तर म्हणाला की एवढ्यावर कार्ड देणार नाहीत. शेवटी त्याने चर्चमध्ये लहानपणी ऐकलेली भाषा काढली, निर्माता वगैरे, आणि पान भरलं. मला वाचून दाखवताना त्याला लाज वाटत होती.

"हे माझं नाही वाटत," म्हणाला. "पण खोटंही नाहीये."

शहरातलं कार्यालय ट्रकने चार तासांवर होतं. पहिल्या खेपेला छायाचित्रं कमी पडली. दुसऱ्या खेपेला मी बरोबर होते. खिडकीत एक तरुण मुलगी होती, नम्र, आवाज बसलेला. तिने कागद पुन्हा पुन्हा चाळले.

"बापा, ईश्वराचं नाव इथे 'उच्चारत नाहीत' असं लिहिलंय."

"हो, नोना," तुया म्हणाला. तरुण मुलीला आमच्याकडे नोना म्हणतात.

"यादीतून निवडावं लागतं. नाहीतर संगणक पुढे जात नाही."

"यादीत काय काय आहे?"

तिने वाचून दाखवलं. तुयाने लक्षपूर्वक ऐकलं, जसं एखाद्या अनोळखी घरातल्या माणसांची नावं ऐकावीत. "यातलं कोणी नाही," म्हणाला.

"इतर असा पर्याय आहे."

"इतर चालेल."

मग त्याने तिला विचारलं, "नोना, सरकारने मानलेल्या त्या सहांना तुम्ही धर्म म्हणता, आम्हाला श्रद्धा. त्यात कमी-जास्त काय?"

"कमी-जास्त काही नाही, बापा. रकाना वेगळा."

"बरं," तुया म्हणाला. परतताना ट्रकमध्ये मला म्हणाला, "पोर दमलेली होती. सकाळपासून उभी असावी." आणि पिशव्यांवर डोकं टेकून झोपला.

तिसऱ्या खेपेला काम झालं. आमच्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांतल्या माणसांची कार्डं बदलायला मग वर्ष गेलं. तुया प्रत्येकाचा अर्ज भरायचा, अंगठे घ्यायचा. ज्या दिवशी गठ्ठा आला त्या दिवशी सगळे रातूंच्या ओट्यावर जमले. तुयाने रातूंचं कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि वाचून दाखवलं.

"धर्माच्या जागी लिहिलंय, सर्वश्रेष्ठ एकमेव ईश्वरावर श्रद्धा."

"आधी काय होतं?"

"ख्रिस्ती."

"मी?"

"तीस वर्षं."

रातूंनी सगळ्यांकडे पाहिलं. "मला कोणी सांगितलं नाही ते."

लोक इतके हसले की कोंबड्या पळाल्या. रातू मात्र कार्ड उलटसुलट करत राहिले. आपल्या नकळत तीस वर्षं आपण कोणीतरी दुसरे होतो, हे त्यांना लागलं असावं.

यिवा त्या सुमारास सुट्टीवर आली होती. ती शहरातल्या एका दवाखान्यात परिचारिका, नवराही चर्चचा. तुयाने तिच्यासमोर कोरा अर्ज ठेवला नाही, पण तो टेबलावर होता. तिने पाहिला.

"आमा, मी नाही बदलणार." बापाला आमच्याकडे आमा म्हणतात, आईला इना.

"मी म्हटलं का?"

"तुम्ही म्हणत नाही, नुसतं ठेवता." तिने अर्ज त्याच्याकडे सरकवला. "मी तिथे खरंच प्रार्थना करते. नोकरीसाठी म्हणून नाही. पेशंट जातो तेव्हा मला त्याची गरज लागते."

"मग आजीपुढे विडा ठेवायचीस ते?"

"तेही खरंच ठेवायची."

"दोन्ही कसं चालेल?"

"तुम्ही विचारताय, आमा? सातव्या वर्षापासून तुमचं चाललंच आहे की."

तुयाने अर्ज उचलून बाजूला ठेवला. कोंगा मागून म्हणाली, "तिला जेवू दे आधी. दोघं मिळून सरकारच झालायत."

जेवताना यिवाच म्हणाली की तिला एक गोष्ट मात्र हवी आहे. आता संघटना आहे, तर आमा आणि इनाचं लग्न नोंदवता येईल. ते झालं की तिचा जन्मदाखला बदलता येईल. तेहतीस वर्षांची झाली होती. बढतीसाठी कागद दिले तेव्हा पुन्हा कोणीतरी विचारलं होतं, वडिलांची ओळ का नाही. एवढं सांगून ती भात कालवत राहिली.

जून महिन्यात शाळेच्या मैदानात मांडव घालून शहरातून अधिकारी आले. सतरा जोडपी नोंदवायची होती, त्यांतली बहुतेक आजी-आजोबा. तुया आणि कोंगा नवव्या नंबरवर. अधिकाऱ्याने छापील वाक्यं वाचली आणि कोंगाला विचारलं, "स्वखुशीने या पुरुषाला पती म्हणून स्वीकारता का?"

कोंगाने तुयाकडे पाहिलं. "आता उशीर झालाय," म्हणाली. "लिहा हो."

सही करताना तुयाला ओळ नीट दिसत नव्हती. मी त्याचं मनगट धरणार होते, पण त्याने मान हलवली आणि हळूहळू स्वतःच लिहिलं. रेतांग मेहा. मार्कुस लिहिलं नाही. अधिकाऱ्याने कागद जुळवून पाहिला, शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं आहे म्हणाला, आणि त्यासाठी आणखी एक अर्ज दिला. तुयाने तो घडी करून खिशात ठेवला.

यिवाचा नवा दाखला डिसेंबरात निघाला. तिने फोनवर त्याचा फोटो पाठवला. तुयाने तो माझ्याकडून मोठा करून घेतला, चष्म्यातून वाचला, आणि फोन परत दिला. कोंगाला म्हणाला, "आलं." ती चुलीपाशी होती. "कळलं," म्हणाली. तो अंथरुणावर आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. मला वाटलं ताप आहे. ताप नव्हता.

त्यानंतर माणसं येऊ लागली. विद्यापीठातली, मंत्रालयातली, एकदा परदेशातली. सगळ्यांकडे कागद. तुम्ही स्वतःला काय समजता? किती ठामपणे, एक ते पाच? दोन्ही करणाऱ्यांना तुम्ही आपले मानता का? पहिल्यांना तुयाने मनापासून उत्तरं दिली. पुढच्यांना थोडक्यात. शेवटी जावा बेटावरची एक मुलगी आली, तिला म्हणाला, "बाई, मी साठ वर्षं हेच सांगतोय. कोणाचं पोट भरत नाही. तुम्ही जेवून जा." ती जेवून गेली. तिचा कागद आम्हीच भरला, मी आणि कोंगाने, अंदाजाने. मी ख्रिस्ती. मला कोणीच काही विचारत नाही, माझा रकाना भरलेला आहे. मला दर रविवारी चर्चमध्ये गाताना बरं वाटतं, आणि घराण्यात विधी असला की मी विणलेलं कापड घेऊन जाते, कारण भाचीने नेलं नाही तर तुयाला मान खाली घालावी लागेल. यालाही काही नाव असेल. मी शोधलेलं नाही.

मागच्या वर्षी त्याने संघटनेचं काम सोडलं. वरच्या वस्तीतली एक तरुण बाई, पदवी झालेली, घ्यायला तयार झाली. ती वही घेऊन आली, प्रश्न लिहून आणले होते. श्रद्धेची व्याख्या विचारली तर काय सांगायचं, शाळेसाठी अभ्यासक्रम मागतायत तर तो कसा मांडायचा. तुयाने शिक्का, फायली आणि शाईचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"व्याख्या तुझी तू कर," म्हणाला. "तीन नंबरची खिडकी दहाशिवाय उघडत नाही. ट्रक पहाटेचा घे, उजव्या बाजूला बस, ऊन लागत नाही. डबा घरून ने, तिथलं महाग आहे."

तिने ते सगळं लिहून घेतलं.